ध्वनिरूपांतर प्रणालीतील प्रेफरन्सेसची मांडणी : ऑडॅसिटीच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

महाविद्यालयीन विभागांतील जुन्या ध्वनिफितींचे संगणकीय रूपांतर करताना वापरकर्त्याचे लक्ष बहुधा 'रेकॉर्ड' आणि 'एक्सपोर्ट' या दोन आज्ञांकडेच असते. प्रत्यक्षात रूपांतराची गुणवत्ता बव्हंशी त्यापूर्वी, प्रणालीच्या प्रेफरन्सेस या चौकटीत ठरलेली असते. प्रस्तुत लेखात ऑडॅसिटी या मुक्त संगणकप्रणालीच्या आधारे या चौकटीतील महत्त्वाच्या निवडींचा अर्थ उलगडला आहे. इंटरफेसची सेटिंग्ज ही केवळ पडद्याची सजावट नसून वापरकर्त्याला काय दिसावे आणि काय दिसू नये हे ठरवणारी साधने आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : सॅम्पल रेट, बिट-संख्या, डिदर, रिसॅम्पलिंग, इंटरफेस, ध्वनिसंग्रह

प्रस्तावना

मराठी, इतिहास, समाजशास्त्र, संगीत अशा विषयांच्या विभागांतून क्षेत्रीय अभ्यासाच्या निमित्ताने ध्वनिमुद्रित झालेले साहित्य हा संशोधनाचा मोलाचा ठेवा होय. जात्यावरील ओव्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि त्यांपैकी काहींचे गायिकांच्या आवाजात ध्वनिमुद्रणही झाले. ओवीचे शब्द कागदावर टिकतात. तिची चाल, हेल, श्वासाची जागा आणि बोलीतील उच्चार मात्र केवळ ध्वनिमुद्रणातच टिकतो. गाणारी व्यक्ती हयात नसेल, तर ते मुद्रण हाच एकमेव पुरावा उरतो.

कॅसेटच्या चुंबकीय फितीला काळाची मर्यादा असते, आणि ती वाजवणारी सुस्थितीतील यंत्रेही दुर्मीळ झाली आहेत. त्यामुळे अनेक फितींच्या बाबतीत रूपांतराची संधी प्रत्यक्षात एकदाच मिळते. अशा वेळी संगणकप्रणाली जशी मिळाली तशीच वापरणे म्हणजे महत्त्वाचे निर्णय अजाणतेपणी दुसऱ्यावर सोपवणे होय. पूर्वनिर्धारित मूल्ये नेहमीच चुकीची असतात असे नाही. पण ती कोणती आहेत हे ठाऊक नसताना काम करणे हे संशोधनाच्या शिस्तीत बसत नाही. या भूमिकेतून पुढील विवेचन केले आहे.

१. सॅम्पल, सॅम्पल रेट आणि बिट-संख्या

ध्वनिलहर ही सलग असते. संगणकाला मात्र अंक लागतात. म्हणून ठरावीक अंतराने लहरीची उंची मोजली जाते. अशा प्रत्येक मोजमापास सॅम्पल, म्हणजेच नमुना, असे म्हणतात. एका सेकंदात किती नमुने घेतले ते सॅम्पल रेटवरून कळते. प्रत्येक नमुना किती सूक्ष्मतेने नोंदवला ते बिट-संख्येवरून कळते. नमुनासिद्धांतानुसार सॅम्पल रेटच्या निम्म्याहून कमी वारंवारतेचेच ध्वनी विश्वसनीयपणे नोंदवता येतात. ४४,१०० हर्ट्झ या दराने २२,०५० हर्ट्झपर्यंतचा, तर ८,००० हर्ट्झ या दराने केवळ ४,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी पकडता येतो.

४४,१०० हा आकडा वरकरणी विचित्र वाटतो. त्याचे मूळ चित्रफितीत आहे. आरंभीच्या काळात अंकीय ध्वनी साठवण्यासाठी चित्रफीत यंत्रांचा उपयोग होत असे. चित्राच्या प्रत्येक ओळीत ३ नमुने, २४५ उपयुक्त ओळी आणि सेकंदाला ६० क्षेत्रे यांचा गुणाकार ४४,१०० होतो. युरोपीय पद्धतीत २९४ ओळी आणि ५० क्षेत्रे धरल्यासही तोच आकडा येतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने हाच दर १६ बिटसह स्वीकारला. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या क्षेत्रात मात्र ४८,००० हा दर रूढ झाला. दोन परंपरांतील ही तफावत आजच्या वापरकर्त्यालाही पदोपदी जाणवते.

बिट-संख्येचे गणित तुलनेने सोपे आहे. एका बिटमागे सुमारे ६ डेसिबलची व्याप्ती मिळते. त्यामुळे १६ बिटला सुमारे ९६ डेसिबल, तर २४ बिटला सुमारे १४४ डेसिबल इतकी सैद्धांतिक व्याप्ती लाभते. कॅसेटची स्वतःची व्याप्ती याहून बरीच कमी असते. मग २४ बिटची गरज काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. मुद्रणाची पातळी सावधपणे खाली ठेवता यावी आणि पुढील संस्कारांत अंकगणिती चुकांची भर पडू नये, हे त्याचे उत्तर होय.

२. ऑडॅसिटी आणि तिची प्रेफरन्सेस-चौकट

ऑडॅसिटीचा आरंभ १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी केला; २००० मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. २०२१ मध्ये तिची सूत्रे म्यूझ ग्रुपकडे गेली, तथापि प्रणाली मुक्त परवान्याखालीच राहिली. विनामूल्य असल्याने आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालत असल्याने महाविद्यालयांना ती सोयीची ठरते. प्रस्तुत विवेचन तिच्या तिसऱ्या मालिकेला अनुसरून आहे.

विंडोजवर 'एडिट' या मेनूतून किंवा कंट्रोल आणि पी या कळा एकत्र दाबून प्रेफरन्सेसची चौकट उघडते. डाव्या बाजूस विषयांची यादी आणि उजवीकडे त्या त्या विषयाच्या निवडी अशी तिची रचना आहे. पूर्वीच्या आवृत्त्यांत 'क्वालिटी' हे स्वतंत्र पान होते. नंतरच्या आवृत्त्यांत त्यातील निवडी 'ऑडिओ सेटिंग्ज' या पानावर आढळतात. जुन्या मार्गदर्शिकेवरून शिकणाऱ्यांचा येथे गोंधळ होतो, म्हणून ही बाब ध्यानात ठेवावी.

३. इंटरफेसची सेटिंग्ज : दिसणे आणि न दिसणे

'इंटरफेस' या पानावर पहिली निवड भाषेची आहे. उपलब्ध भाषांच्या यादीत मराठीचाही समावेश आहे. विद्यार्थ्यांना ही प्रणाली परिचित करून देताना तिचा उपयोग करण्यास हरकत नाही. मात्र कार्याची नोंदवही लिहिताना मेनूची नावे कोणत्या भाषेतील आहेत हे एकदा ठरवून घ्यावे. अन्यथा एकाच आज्ञेचा दोन नावांनी उल्लेख होऊन नंतरच्या वाचकाची दिशाभूल होते. पडद्याच्या रंगसंगतीची निवडही येथेच असते. मंद दृष्टीच्या वापरकर्त्यांसाठी अधिक विरोधी रंगांचा पर्याय उपयुक्त आहे.

याच पानावरील सर्वांत अर्थपूर्ण निवड मीटरच्या डेसिबल-व्याप्तीची होय. उणे ३६ ते उणे १४५ डेसिबल या दरम्यान ही व्याप्ती ठरवता येते. १६ बिटच्या व्याप्तीशी जुळणारा पर्याय उणे ९६ हा आहे. व्याप्ती ३६ ठेवली, तर उणे ४५ डेसिबल पातळीची फितीची घरघर मीटरवर उमटणारच नाही. मीटर निश्चल दिसेल आणि वापरकर्ता शांतता आहे असे समजेल. घरघर मात्र मुद्रित होतच राहील. येथे ध्वनीत काहीही बदललेले नसते. बदललेली असते ती केवळ पाहण्याची खिडकी. तथापि त्या खिडकीतून पाहूनच मुद्रणाची पातळी ठरवली जात असल्याने परिणाम अखेर ध्वनीवरच होतो.

तरंगचित्राबाबतही असेच म्हणता येते. ट्रॅकचे नेहमीचे तरंगचित्र रेषीय मोजपट्टीवर काढलेले असते. या मोजपट्टीवर उणे ४० डेसिबलचा आवाज पूर्ण उंचीच्या अवघा १ टक्का भरतो, म्हणजे डोळ्यांना तो सरळ रेषेसारखाच दिसतो. ओवी संपल्यावर गायिकेने हलक्या आवाजात पुटपुटलेले नाव किंवा संदर्भ अशा 'सरळ रेषेत' दडलेला असू शकतो. चित्र पाहून 'रिकामी जागा' कापून टाकणाऱ्याच्या हातून नेमका हाच भाग जाण्याची शक्यता असते. मोजपट्टी डेसिबलमध्ये बदलल्यास तो स्पष्ट दिसतो. म्हणून काटछाट करण्यापूर्वी ही निवड तपासणे अगत्याचे आहे.

तिसरे साधन स्पेक्ट्रोग्रामचे. यात काळ आडवा, वारंवारता उभी आणि तीव्रता रंगाने दाखवली जाते. त्याच्या सेटिंगमध्ये कमाल वारंवारता ८,००० हर्ट्झ ठेवली, तर त्यावरील काहीही दिसत नाही. ती २०,००० हर्ट्झपर्यंत वाढवल्यास मुद्रणाचा खरा पल्ला कळतो. मोबाइलवरील एएमआर या जुन्या प्रकारातील मुद्रणे ८,००० हर्ट्झ दराची असतात. अशी धारिका ४८,००० हर्ट्झ दराने रूपांतरित करून संग्रहात ठेवली, तरी स्पेक्ट्रोग्राममध्ये ४,००० हर्ट्झच्या वर मोकळा पट्टा दिसतो. आकडा वाढला म्हणून हरवलेले परत येत नाही, हे त्यातून डोळ्यांपुढे उभे राहते.

बोलीअभ्यासकांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. मराठीतील 'चार' आणि 'चाक' या शब्दांतील च एकाच अक्षराने लिहिला जात असला, तरी पहिला तालव्य आणि दुसरा दंत्य आहे. दंत्य उच्चारातील घर्षणाची बरीच ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. ती मुद्रणातच उतरलेली नसेल, तर उच्चारभेदाविषयीचा निष्कर्ष डळमळीत पायावर उभा राहतो. लिपी हा भेद नोंदवत नाही. ध्वनिमुद्रणानेही तो गमावला, तर त्याचा मागमूस उरत नाही.

४. गुणवत्तेची सेटिंग्ज

पूर्वनिर्धारित सॅम्पल रेट ४४,१०० हर्ट्झ आणि सॅम्पल फॉरमॅट ३२ बिट फ्लोट असतो. आंतरराष्ट्रीय ध्वनि-दृश्य अभिलेखागार संघटनेने, म्हणजेच आयासाने, टीसी ०४ या मार्गदर्शिकेत अभिलेखीय रूपांतरासाठी किमान ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिट यांची शिफारस केली आहे. कॅसेटवरील ध्वनीचा पल्ला लक्षात घेता ४४,१०० हर्ट्झमुळे फारसे नुकसान होते असे नव्हे. परंतु संग्रह पुढे अन्य अभिलेखागारांशी जोडावयाचा असेल, तर प्रचलित प्रमाणाशी सुसंगत राहणे हिताचे ठरते. येथे बदललेला दर नव्या प्रकल्पांना लागू होतो, आधीच्या ट्रॅकना नाही. म्हणून तो काम सुरू करण्यापूर्वीच बदलावा.

३२ बिट फ्लोटविषयी एक गैरसमज आढळतो. या प्रकारात संस्कारांच्या वेळी पातळी मर्यादेबाहेर गेली, तरी ती पुन्हा खाली आणून ध्वनी वाचवता येतो. तथापि नेहमीच्या ध्वनिकार्डाच्या प्रवेशद्वारावरच जो आवाज छाटला गेला, तो फ्लोटमुळे परत मिळत नाही. म्हणून मुद्रण करताना सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवण्याची काळजी घ्यावी. तसेच ऑडॅसिटीत ४८,००० आणि विंडोजच्या ध्वनिसेटिंगमध्ये ४४,१०० असे असल्यास, सामायिक पद्धतीने चालणाऱ्या मार्गावर संगणक मध्येच स्वतःचे एक रूपांतर करतो. दोन्ही ठिकाणचे दर जुळवणे हाच त्यावरील सोपा उपाय.

दर बदलण्यासाठी प्रणालीत दोन प्रसंगांचा वेगळा विचार केला आहे : वाजवताना होणारे तात्काळ रूपांतर आणि निर्यातीच्या वेळचे उच्च गुणवत्तेचे रूपांतर. पहिल्यात वेगाला, दुसऱ्यात अचूकतेला प्राधान्य असते. म्हणून ऐकताना जे कानी पडते तेच शब्दशः निर्यात होते असे नाही. उच्च गुणवत्तेसाठी सर्वोत्तम पर्याय कायम ठेवावा. वेळ थोडा अधिक लागतो, इतकेच.

याच ठिकाणी डिदरची निवड असते. अधिक बिटचा ध्वनी १६ बिटवर आणताना प्रत्येक नमुना जवळच्या अंकाशी मिळवावा लागतो. या छाटणीमुळे मंद आवाजात कर्कश विकृती निर्माण होते. तिच्याऐवजी अत्यंत सूक्ष्म, एकसारखा गोंगाट जाणीवपूर्वक मिसळणे म्हणजे डिदर. एक दोष पत्करून त्याहून मोठा दोष टाळण्याची ही युक्ती आहे. ऑडॅसिटीत निर्यातीसाठी डिदर पूर्वनिर्धारितपणे चालू असते, आणि सर्वसाधारणतः ते योग्यच आहे. मात्र १६ बिटची धारिका उघडून तिच्यावर कोणताही संस्कार न करता तिचे केवळ तुकडे करून पुन्हा १६ बिटमध्येच साठवायचे असतील, तर डिदर बंद करावे. एरवी प्रत्येक फेरीत गोंगाटाचा एकेक थर विनाकारण चढत जातो.

५. 'रेट' आणि 'रिसॅम्पल' यांतील भेद

वरकरणी सारख्या भासणाऱ्या दोन आज्ञांमुळे होणारी चूक येथे उदाहरणाने स्पष्ट करता येईल. ट्रॅकच्या मेनूतील 'रेट' बदलल्याने नमुने तेच राहतात, केवळ ते वाजवण्याचा वेग बदलतो. 'ट्रॅक्स' मेनूतील 'रिसॅम्पल' मात्र नमुन्यांची नव्याने गणना करते. त्यामुळे वेग आणि स्वर कायम राहतात.

समजा, ४८,००० हर्ट्झ दराच्या एका तासाच्या मुद्रणाला 'रेट'मधून ४४,१०० हा दर दिला. या दोन दरांचे गुणोत्तर १६०:१४७ आहे. परिणामी एक तासाचे मुद्रण सुमारे ६५ मिनिटे १८ सेकंदांचे होते आणि स्वर जवळपास दीड श्रुतिस्थानाने नव्हे, तर पेटीच्या दीड पट्टीने खाली उतरतो. गायिकेचा षड्ज काळी पाचवर असेल, तर तो पांढरी सहा आणि काळी चार यांच्या साधारण मधोमध येऊन थांबतो. हा फरक इतका मोठा नाही की ऐकणाऱ्याला तो तत्काळ खटकावा. आणि इतका लहानही नाही की संशोधनात दुर्लक्षिला जावा. आवाज किंचित जड, लय किंचित संथ वाटते, आणि अभ्यासक त्याचे श्रेय वयाला किंवा शैलीला देऊन मोकळा होतो. गायिकेची मूळ पट्टी आणि लय यांविषयीचे विधान अशा रीतीने एका मेनूतील निवडीवर बेतू शकते.

६. निर्यात, साठवण आणि नोंद

निर्यातीचा प्रकार निवडताना जागेचा विचार अपरिहार्य असतो. एका तासाच्या मुद्रणासाठी लागणारी जागा अशी :

– ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, मोनो, वेव्ह : सुमारे ५१८ एमबी
– ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, वेव्ह : सुमारे ६३५ एमबी
– ९६,००० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, वेव्ह : सुमारे २.०७ जीबी
– एमपी-थ्री, १२८ केबीपीएस : सुमारे ५८ एमबी

एमपी-थ्रीची बचत डोळ्यांत भरणारी असली, तरी ती श्रवणशास्त्राच्या आधारे ध्वनीतील काही भाग कायमचा वगळून साधलेली असते. वर्गात ऐकवण्यासाठी ती प्रत पुरेशी आहे. मूळ प्रत म्हणून मात्र ती स्वीकारू नये. शिवाय वरील आकड्यांवरून असेही दिसते की एकाच सूक्ष्मध्वनिग्राहकावर मुद्रित झालेली मुलाखत मोनोमध्ये २४ बिटने साठवल्यास ती सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ प्रतीहून कमी जागा घेते. अभिलेखीय दर्जा म्हणजे नेहमीच अधिक खर्च, हा समज त्यामुळे दूर व्हावा.

प्रकल्पाची धारिका आणि निर्यात केलेली ध्वनिधारिका या दोन भिन्न वस्तू आहेत, हेही लक्षात घेतले पाहिजे. मार्च २०२१ मधील ३.० या आवृत्तीपूर्वी प्रकल्पाची एक लहान धारिका आणि तिचे स्वतंत्र डेटा-फोल्डर अशी विभागणी होती. पेनड्राइव्हवर नुसती लहान धारिका नेल्यास ध्वनी मागेच राहत असे. त्यानंतर सर्व मजकूर एकाच एयूपी-थ्री धारिकेत राहू लागला. तरीही दीर्घकालीन जतनासाठी वेव्ह प्रत आवश्यकच आहे, कारण ती उघडण्यासाठी विशिष्ट प्रणालीवर अवलंबून राहावे लागत नाही.

७. सेटिंग्जचे वास्तव्य

प्रेफरन्सेसमधील सर्व निवडी ऑडॅसिटी एका लहानशा मजकूर-धारिकेत साठवते. विंडोजवर तिचे स्थान वापरकर्त्याच्या खात्यात असते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की एका प्राध्यापकाने आपल्या खात्यात केलेली मांडणी त्याच संगणकावरील दुसऱ्या खात्यास लागू होत नाही. सामायिक प्रयोगशाळेत सोमवारी ४८,००० दराने आणि मंगळवारी ४४,१०० दराने मुद्रण होण्याचे कारण अनेकदा इतके साधे असते. प्रणालीच्या मुख्य फोल्डरमध्ये 'पोर्टेबल सेटिंग्ज' या इंग्रजी नावाचे रिकामे फोल्डर तयार केल्यास निवडी तेथेच साठवल्या जातात आणि प्रणालीसोबत अन्यत्र नेता येतात. संग्रहाच्या कामासाठी ही सोय उपयुक्त आहे.

तथापि यंत्रातील नोंद ही कागदावरील नोंदीला पर्याय ठरू शकत नाही. प्रत्येक फितीसाठी मुद्रणाची तारीख, वाजवणारे यंत्र, प्रणालीची आवृत्ती, सॅम्पल रेट, बिट-संख्या, डिदर आणि केलेले संस्कार यांची एक ओळ नोंदवहीत असावी. निर्यातीच्या वेळी मेटाडेटामध्येही त्यातील मुख्य बाबी भरता येतात. पंचवीस वर्षांनी ती धारिका उघडणाऱ्या अभ्यासकाला स्वराविषयी शंका आली, तर तिचे निरसन करण्यासाठी हीच एक ओळ उपयोगी पडेल.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. एक, प्रेफरन्सेसची चौकट हा तांत्रिक साहाय्यकाचा नव्हे, तर अभ्यासकाचा विषय आहे. कारण तेथील निवडी पुढील संशोधनाच्या मर्यादा ठरवतात. दोन, मीटर, तरंगचित्र आणि स्पेक्ट्रोग्राम यांची सेटिंग्ज ध्वनी बदलत नसली, तरी वापरकर्त्याचा निर्णय बदलतात. म्हणून त्यांना दुय्यम मानता येत नाही. तीन, हरवलेली माहिती वाढीव दराने परत मिळत नाही. यास्तव पहिले मुद्रणच काळजीपूर्वक झाले पाहिजे. चार, केलेल्या निवडींची लेखी नोंद हा रूपांतराचाच अविभाज्य भाग होय.

यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी खर्चिक यंत्रसामग्री लागत नाही. पहिली कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी अर्धा तास प्रेफरन्सेससमोर बसावे लागते, एवढेच. ज्यांनी आपला आवाज विश्वासाने अभ्यासकाच्या हाती दिला, त्यांचा तो आवाज त्यांच्याच पट्टीत आणि त्यांच्याच लयीत पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवणे हे त्या अर्ध्या तासाचे फलित आहे.